मृत्यू दुबईत, सही खानापुरात

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातल्या एका गावचा हा माणूस दुबईत बांधकाम कंपनीत शटरिंगचं सुतारकाम करायचा. तिथं सात वर्षं झाली होती. घरी आई, पत्नी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि धाकटा भाऊ. आषाढातल्या एका गुरुवारी रात्री जेवून तो कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत झोपला आणि शुक्रवारी पहाटे कामावर जायला उठलाच नाही. सोबत्यांनी फोरमनला उठवलं, पोलीस आले, डॉक्टरांनी तपासून झोपेतच गेल्याचं सांगितलं. गावात पहिला फोन कंपनीचा आला नाही. त्याच खोलीत राहणाऱ्या चंदगडकडच्या पोरानं धाकट्या भावाला फोन लावला.

खानापुरात मी लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दाखले असली कामं करतो. भावकीतल्या एकानं दुपारी मला बोलावून घेतलं. पुढचं सगळं कुटुंबाच्या संमतीनं आणि ओळख पटेल असे तपशील गाळून लिहितो आहे. लिहायचं कारण एवढंच, की असा प्रसंग आला की गावात लगेच सुरू होतं, "बॉडी दूतावासात अडकलीय." या प्रकरणात दुबईतले कागद आपल्या गतीनं पुढं सरकत होते. अडलं ते इथं, आपल्या उंबऱ्याच्या आत.

तिकडची वाट

खोलीत मृत्यू झाला म्हणून देह पोलिसांच्या ताब्यात शवागारात गेला. घातपाताचा संशय नसेल तर दुबई पोलीस ना-हरकत पत्र देतात, आरोग्य खातं मृत्यूचा दाखला देतं, कंपनी व्हिसा रद्द करून घेते. मग सगळे कागद आणि मूळ पासपोर्ट भारतीय वाणिज्य दूतावासात जातो. दुबई, शारजा आणि उत्तरेकडच्या अमिरातींचं काम दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडं आहे, अबुधाबीचं तिथल्या दूतावासाकडं. तिथं मृत्यूची नोंद होते, पासपोर्ट रद्द होतो आणि देह भारतात न्यायला ना-हरकत पत्र मिळतं. त्यानंतर सोनापूरच्या केंद्रात एम्बाल्मिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून रसायन भरणं, मग पेटी आणि मग विमानाच्या कार्गोत जागा.

2022 पासून तिथं सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी असते आणि शुक्रवारी कचेऱ्या अर्धाच दिवस चालतात. मृत्यू शुक्रवारचा. त्यामुळं सोमवारपर्यंत फार काही हलणार नाही, हे मी घरच्यांना पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. "उद्या येईल, परवा येईल" असं सांगत राहिलं की माणसं ओटीवर बसून राहतात आणि घरचे मनानं खचतात. घरात मयत झालं की अग्नी दिल्याशिवाय आपल्याकडं चूल पेटत नाही. इथं तर देहच हजारो किलोमीटरवर. शेजाऱ्यांनी पेज-भाकरी आणून दिली, पण पोरांच्या पोटात काय जातंय हे बघायला एक बाई नेमून ठेवावी लागली.

संमती कोणाची

कंपनीत सरकारी कागदांचं काम बघणारा एक माणूस असतो, त्याला सगळे पीआरओ म्हणतात. शनिवारपर्यंत त्या पीआरओला आपल्याकडून तिघांचे फोन गेले होते. धाकट्या भावानं सांगितलं, बॉडी गोव्याला पाठवा. मुंबईत राहणारा मेहुणा म्हणाला, मुंबईला पाठवा, मी उतरवून घेतो. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यानं सांगितलं, "तिकडंच उरकून घ्या, अस्थी तेवढ्या पाठवा." हा पर्यायही खरा आहे. जेबेल अलीत हिंदूंची स्मशानभूमी आहे, पण त्यासाठी घरच्यांची नोटरीकडून करून घेतलेली संमती लागते. पीआरओनं तिघांचं ऐकून घेतलं आणि थांबला. त्याचं बरोबरच होतं. घरातून तीन निरोप आले तर कोणता खरा धरायचा?

कायद्यानं पहिला हक्क पत्नीचा. तिची सही लागणार होती. आणि तिला अजून काही सांगितलंच नव्हतं. "आयसीयूत आहे, तब्येत जरा जास्त आहे," एवढंच तिच्या कानावर घातलेलं. तिचा फोन काढून घेतला होता, टीव्हीची केबल काढली होती, आणि अंगणात मात्र पन्नास माणसं छत्र्या घेऊन उभी. बाईला कळलं नसेल असं कोणी समजू नये. तिला कळलेलं असतं, फक्त विचारायची मुभा नसते.

बॉडी दारात आल्यावरच सांगायचं, असा भावकीचा बेत होता. यामागं माया असते हे मला माहीत आहे. पण जिला नवरा गेलाय हे सांगितलेलं नाही, तिच्याकडून नवऱ्याचा देह आणायच्या कागदावर सही कशी घेणार? एकानं सुचवलं, "हॉस्पिटलचा फॉर्म आहे म्हणून अंगठा घ्या." त्यावर मी स्पष्ट सांगितलं की असं होणार असेल तर मी उठतो. फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे, आणि उद्या पैशांच्या कागदावरही असाच अंगठा घेतला जाईल.

शेवटी तिच्या माहेरची थोरली बहीण आणि गावातल्या आशा कार्यकर्त्या आत गेल्या, दार लावून घेतलं आणि तिला सांगितलं. बाहेर पावसाचा आवाज होता, तरी आतलं रडणं ऐकू येत होतं. तासाभरानं बहीण बाहेर आली. बाईनं एकच विचारलं होतं: "तोंड बघायला मिळेल का?"

त्या एका प्रश्नानं सगळे पर्याय निकाली निघाले. एम्बाल्मिंग नीट झालं तर चेहरा बघता येतो. तिकडं अग्नी द्यायची गोष्ट तिथंच संपली. त्या संध्याकाळी तिच्यादेखत ठरलं की पीआरओशी बोलणार ते फक्त धाकटा भाऊ, एकाच नंबरवरून, आणि प्रत्येक निरोप व्हॉट्सॲपवर लिहून. मेहुणा मुंबईचं बघेल. बाकी कोणी दुबईला फोन लावायचा नाही. वडीलधाऱ्यांना हे थोडं लागलं, पण ते मानले. पहिल्याच दिवशी हे ठरलं असतं तर शनिवारचा सगळा घोळ टळला असता.

दोन नावांची एक बाई

संमतीपत्र लिहायला बसलो तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. मयताच्या पासपोर्टवर पत्नीचं जे नाव होतं ते लग्नात ठेवलेलं सासरचं. तिच्या आधार कार्डावर माहेरचंच नाव, पुढं वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आपल्याकडं मुलीचं नाव अजूनही लग्नाच्या मांडवात बदलतं, गाव तिला नव्या नावानं हाक मारतं आणि कागद मात्र जुन्याच नावावर राहतात. घरात कोणाला त्यात वावगं वाटत नाही. दुबईच्या टेबलावर मात्र त्या दोन वेगळ्या बायका दिसतात.

सोमवारी सकाळीच स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, ती मयताची कायदेशीर पत्नी, सोबत लग्नपत्रिका, रेशन कार्ड आणि मुलांच्या शाळेचे दाखले जोडले. कुठं बेळगाव, कुठं बेळगावी लिहिलेलं होतं, तेही त्यात नमूद केलं. दुसरा कागद संमतीपत्राचा: देह कोणत्या विमानतळावर, कोणाच्या ताब्यात द्यायचा. दोन्ही कागद मुद्दाम इंग्रजीत केले आणि सही घेण्याआधी तिला मराठीत ओळीनं ओळ वाचून दाखवले. कन्नड किंवा मराठीत केले असते तर तिकडं भाषांतराचा आणखी एक फेरा पडला असता. नोटरीचा शिक्का मारून दुपारी स्कॅन करून पाठवले.

या दोन दिवसांत गावात आणखी एक चर्चा चालू होती, ती लिहायलाच हवी. कोण म्हणे कोल्हापूरच्या नेत्याला धरू, कोण म्हणे बेंगळुरूहून फोन लावला पाहिजे, मराठी माणसाचं काम कर्नाटकात कोण करणार? सीमाभागात हा प्रश्न उगाच उपटत नाही, त्यामागं आयुष्यभराचा अनुभव आहे. पण या कामात तो आडवा येत नाही. पासपोर्ट भारताचा, वाणिज्य दूतावास भारताचा. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर आम्ही सोमवारीच तक्रार नोंदवली. 2015 पासून ते चालू आहे, नोंदणी क्रमांक मिळतो आणि काम कुठवर आलं ते बघता येतं. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्रही आहे, चंदगडच्या पोरानं तिथंही फोन करून ठेवला. राज्य सरकारशी गाठ पडते ती नंतर, वारसाच्या कागदांसाठी.

एका कागदात दोन गोष्टी

मंगळवारी पीआरओनं भावाच्या फोनवर एक पान पाठवलं. अर्ध्या भागात अरबी, अर्ध्या भागात इंग्रजी. "लगेच सही करून पाठवा, म्हणजे पेटी बुक करतो," असा निरोप. वरच्या तीन ओळी देह पाठवायच्या संमतीच्या होत्या. खालच्या दोन ओळींत लिहिलं होतं की मयताचा पगार, ग्रॅच्युइटी आणि सर्व येणं कुटुंबाला मिळालं असून कंपनीवर कसलाही दावा उरलेला नाही.

एक पैसाही मिळालेला नव्हता. भाऊ सही घ्यायला निघालाच होता, कारण त्याला एकच दिसत होतं, भावाची पेटी. अशा वेळी माणूस कशावरही सही करतो आणि असे कागद नेमके अशाच वेळी पुढं येतात. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. आम्ही उत्तर लिहिलं: देहाच्या संमतीचा नोटरी केलेला कागद काल पाठवला आहे, तोच धरावा, हिशेबाचा कागद वेगळा, तो हिशेब मिळाल्यावर. त्याची प्रत मददच्या तक्रारीलाही जोडली. संध्याकाळी पीआरओचा निरोप आला, ठीक आहे.

अमिरातीचा कामगार कायदा इथं कुटुंबाच्या बाजूचा आहे. घरच्यांनी मागणी केली तर देहाची तयारी आणि तो मायदेशी पोचवण्याचा खर्च मालकानं करायचा. राहिलेला पगार आणि ग्रॅच्युइटी 10 दिवसांत वारसांना द्यायची. मालकच सापडत नसेल किंवा हात वर करत असेल, तर गरजू कुटुंबासाठी दूतावासाकडं 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. हे माहीत असल्यामुळंच पुढचा एक प्रसंग टळला. मंगळवारी रात्री एका अनोळखी माणसाचा फोन आला, दुबईहून बोलतोय, शवागाराचं भाडं भरलं नाही तर बॉडी सोडणार नाहीत, या खात्यावर ऐंशी हजार टाका. घरात गाय विकायची बोलणी सुरू झाली. मी पीआरओला विचारायला लावलं. असं कसलंही भाडं कोणी मागितलेलं नव्हतं.

गोवा की मुंबई

बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशातून विमान येत नाही. गोवा सगळ्यात जवळ, चोर्ल्याच्या घाटानं काही तासांचा रस्ता. म्हणून सगळ्यांच्या तोंडी गोवाच होतं. पण कागद बुधवारी पुरे झाले तेव्हा मुंबईच्या विमानात लगेच जागा होती आणि गोव्यासाठी थांबावं लागणार होतं. शिवाय आषाढातला घाट: दरड, धुकं, वाहतूक बंद. अंतर नकाशावर मोजायचं नसतं, ते दिवसांत मोजायचं. मी मुंबईच्या बाजूनं बोललो. तिथं उतरवून घ्यायला घरचा माणूस होता, ही आणखी एक बाजू.

विमान निवडताना उलटा हिशेब केला. गावात उजाडताना पोचायचं, म्हणजे दिवसाउजेडी विधी होतील आणि देह रात्रभर घरात ठेवावा लागणार नाही. सहारपासून, म्हणजे मुंबईच्या विमानतळापासून, खानापूर 500 किलोमीटरच्या आसपास, पुणे, सातारा, कोल्हापूर, कोगनोळी, निपाणी, बेळगाव करत. पावसात बारा तास धरले. म्हणजे संध्याकाळी सहाच्या आत मुंबई सोडायला हवी, म्हणजे सकाळी उतरणारं विमान. गाडी बेळगावहूनच नेली, लांब टेम्पो ट्रॅव्हलर. लहान व्हॅनमध्ये पेटी बसत नाही. पेटीची लांबी आधी विचारून गाडीत टेपनं मोजून घेतली.

विमानतळावर पेटी ही मालवाहतूक असते. एअर वे बिलावर, म्हणजे विमानाच्या मालपावतीवर, घेणाऱ्याचं जे नाव असेल त्याच्याच ताब्यात ती मिळते, म्हणून मेहुण्याचं नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न बदलता पाठवलं होतं. आरोग्य खात्याची मंजुरी लागते. ऑगस्ट 2023 पासून त्यासाठी केंद्राचं ई-केअर पोर्टल आहे. मृत्यूचा दाखला, एम्बाल्मिंगचं प्रमाणपत्र, दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत विमान उडायच्या आधीच चढवता येते. ती चढवली होती. नंतर कस्टम्स. दुपारी तीनला पेटी गाडीत होती.

अंगणात

पेटी उघडण्याबद्दल घरच्यांशी आदल्या दिवशीच बोललो, कारण हे कोणी सांगत नाही. रसायनामुळं चेहरा काळवंडलेला किंवा थोडा फुगलेला दिसू शकतो. फॉर्मलिनचा वास उग्र असतो, डोळे झोंबतात, म्हणून पेटी घरात नाही, मांडवात उघडायची. आंघोळ घालायची नाही. तोंडावर तुळशीपत्र आणि गंगाजलाचे थेंब पुरे. हात लावणाऱ्यांनी हातमोजे घालायचे. पेटीला आत पत्रा असतो, ती चितेवर ठेवायची नाही.

गाडी पहाटे बेळगाव ओलांडून आली. गावाचा शेवटचा चढ चिखलानं गेला होता, तिथं पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घेतली. गावच्या सुताराला स्क्रू-ड्रायव्हर आणि पान्हे घेऊन बोलावून ठेवलं होतं. त्यानं झाकणाचे स्क्रू एकेक करून काढले आणि सवयीनं खिशात ठेवत गेला. त्याच्याच हाताखाली मयत पोरवयात रंधा मारायला शिकला होता. आत पांढरं कापड. तोंडावरचं तेवढं बाजूला केलं. चेहरा चांगला राहिला होता. आधी आईला आणलं, मग पत्नीला. मुलांना न्यायचं की नाही ते त्यांच्या आईनंच ठरवलं. थोरल्याला नेलं, धाकट्याला मावशीनं धरून ठेवलं.

स्मशानात पत्र्याची शेड होती म्हणून निभावलं. सुतक कधीपासून धरायचं यावर भावकीत दोन मतं पडली, भटजींनी अग्नी दिल्याच्या दिवसापासून धरायला सांगितलं.

नंतरचे कागद

बाराव्यानंतर भाऊ मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेला. तिथं ती होत नाही. परदेशात वारलेल्या भारतीयाची नोंद दूतावासात होते आणि 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 20 नुसार तीच आपल्याकडं धरली जाते. बँकेला, विम्याला, जमिनीच्या उताऱ्यावर वारसा लावायला दूतावासाचं तेच प्रमाणपत्र दाखवायचं. पेटीसोबत आलेल्या कागदांच्या पाकिटात ते असतं. घाईत पाकीट रुग्णवाहिकेतच राहतं, म्हणून मेहुण्याला ते अंगावर ठेवायला सांगितलं होतं.

विम्याची आशा सगळ्यांना होती. दहावीच्या आत शिकलेल्यांना आखातात जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावी लागते, दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375. त्यात 10 लाख मिळतात ते अपघाती मृत्यूला. हा मृत्यू नैसर्गिक होता. शिवाय पॉलिसी पहिल्या खेपेला काढलेली, व्हिसा तिकडंच वाढवत गेले आणि पॉलिसी कधीच संपून गेली होती. जे आज तिकडं आहेत त्यांनी आपली पॉलिसी चालू आहे का ते आजच बघावं, नूतनीकरण ऑनलाइन होतं.

ग्रॅच्युइटी मात्र हक्काची. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. सात वर्षांचे 165 दिवस झाले. भत्ते यात धरत नाहीत, म्हणून कराराची प्रत हाताशी लागते. ती त्याच्या बॅगेत निघाली, चंदगडच्या पोरानं फोटो काढून पाठवला होता. कंपनीनं आधी 140 दिवस लावले होते, करार दाखवल्यावर 165 मान्य केले.

रक्कम पत्नीच्या खात्यावर यायला वारसाचे कागद लागले. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, कुटुंबातल्या हयात सदस्यांचा दाखला घेतला. तो कन्नडमध्ये मिळाला, त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. परदेशी कागद एकाच शिक्क्यावर मान्य करायच्या अपॉस्टिल करारात अमिराती नाही, त्यामुळं राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीची वकिलात असे तिन्ही शिक्के घ्यावे लागले. हा फेरा लांबला आणि कायद्यातले 10 दिवस कागदावरच राहिले. केरळनं नॉर्का रूट्स या परदेशस्थ केरळींसाठीच्या सरकारी संस्थेमार्फत आपल्या माणसांची पेटी विमानतळावरून घरी न्यायला रुग्णवाहिकेची सोय केली आहे. आपल्या जिल्ह्यातली कष्टकरी माणसंही परकी चलन घरी पाठवतात. निदान हे शिक्के बेळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीत एका खिडकीवर मिळावेत, असा अर्ज आम्ही गावकऱ्यांच्या सह्यांनी दिला आहे.

पैसे दिवाळीच्या आधी जमा झाले. खातं फक्त पत्नीच्या नावानं उघडलं, आधार आधी दुरुस्त करून. जमिनीवर वारसा लावायचं काम अजून तहसीलदारांकडं आहे.